डाव्या डोळ्यातला तीळ

कुडवा, गोंदिया
६ फेब्रुवारी २०११

प्रिय मोनाली,

जयभीम. घरी फोन असताना आईनं पाकीट कायले पाठवलं, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर मला जमत नाही. तू विचारतेस बरी आहेस का, मी म्हणते बरी आहे. मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस जेवले, आणि तेवढ्यात तुझी ड्युटी लागते. आज जे सांगायचं आहे ते त्या चार वाक्यांत मावणार नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, जाड पेनानं, काळ्या शाईनं. एका पानावर दहाच ओळी बसून राहिल्या आहेत. हसू नको, आणि सगळं एका दमात वाचू नको. दिवसाउजेडी खिडकीत बसून वाच.

आधी बातमी. मी कॅमेरा घेतला. खोटं वाटेल, पण घेतला. मोबाइलमध्ये असतो तसला नाही, रोलचा, मोठ्या रोलचा. बाबांकडं होता त्याच जातीचा, दोन डोळ्यांचा. वरच्या भिंगातून आपण पाहायचं आणि खालच्या भिंगातून रोलवर उतरवायचं. बाबांचा कॅमेरा तुझ्या नर्सिंगच्या ॲडमिशनच्या वेळी विकला तेव्हा तू रडली होतीस आणि मी म्हटलं होतं, मेलेल्या माणसाच्या वस्तूला काय कवटाळायचं. तीच मी, सात वर्षांनी गोंदियात जाऊन तसलाच डबा विकत घेऊन आले.

बाजारातल्या त्या जुन्या स्टुडिओवाल्याचा मुलगा बंटी तुला आठवतो का? त्याचे वडील गेले आणि त्यानं सगळं डिजिटल केलं. जुना माल मागच्या खोलीत पोत्यावर पडला होता. मी मागितल्यावर तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "आंटी, ये तो अब शो-पीस है. इसका क्या करोगे, अचार डालोगे?" मी म्हटलं, दाखव तर खरं. त्यानं मामिया कंपनीचा काढला. बाबांच्या कॅमेऱ्याला एकच भिंगांची जोडी होती, कायमची बसवलेली. याची जोडी काढता येते आणि दुसरी लावता येते. बंटीकडं चार जोड्या होत्या. मी चारही घासून पुसून पाहिल्या, आणि पाहण्यासाठी त्यालाच समोर बसवलं.

पासष्ट मिलिमीटरचं भिंग लावलं तर त्याचं नाक भोपळ्याएवढं दिसायला लागलं. ते लग्नाच्या मंडपासाठी, जवळच्या चेहऱ्यासाठी नाही. एकशे ऐंशीचं लावलं तर मला मागं मागं सरकावं लागलं, इतकं की दुकानाची पायरी उतरून मी रस्त्यावर गेले आणि सायकलरिक्षावाला ओरडला, "ओ बाई, मरना है क्या?" आपल्याकडच्या घरांत एवढी मागं सरकायला जागा कुठं आहे? ऐंशीचं भिंग साधं, माणसाला दिसतं तसंच दाखवणारं, आणि पुढचा घड्यांचा भाता ताणला की हातभर अंतरावरचंही उतरवून घेणारं. ते घेतलं. उजेडासमोर धरलं तेव्हा दिसलं की वरच्या भिंगात बुरशी आली आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी. खालचं मात्र स्वच्छ. म्हणजे मला धुरकट दिसणार, पण रोलवर येईल ते लख्ख. बंटी म्हणाला, मग दुसरं मागवून देतो. मी म्हटलं, राहू दे. आणि एकशे पस्तीसचंही घेतलं. त्याचं काम शेवटी सांगते.

बंटीनं विचारलं, कायचे फोटो काढायचे आहेत? मी म्हटलं, फोटोंचे. तो म्हणाला, मग त्यात काय, माझ्याकडं घेऊन या, पाच मिनिटांत स्कॅन करून कम्प्युटरमध्ये टाकतो, डोळे मिटले असले तर दुसऱ्या कोणाचे लावून देतो, माझ्याकडं डोळ्यांचा पूर्ण फोल्डर आहे. तो चांगल्या मनानंच बोलत होता. मी म्हटलं, नको बाबा, मला रोलच पाहिजे. रोल माझ्या हातात राहतो.

आता जुनं सांगते. तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं मी कधी सांगितलं नाही.

आपल्या भागात माणूस चालताफिरता असताना त्याचा फोटो काढायची कोणाला आठवण होत नसे. माणूस गेला की धावपळ. जागेश्वर फोटोवाल्याला बोलवा. बाबा सायकलला तिपाई बांधून मुर्रीला, दवनीवाड्याला, कुठं कुठं जायचे. मयताला खुर्चीवर बसवायचं, कमरेला लुगड्यानं मागून बांधायचं, डोक्यामागं उशी, आणि एक फोटो. पण डोळे मिटलेला फोटो भिंतीवर लावायचा नाही, हे सगळ्याच समाजांत. आपल्याकडं जलदान विधीला फोटो बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवायचा असतो, पोवारांकडं तेरवीला हार घालायचा असतो. तोवर माणसाचे डोळे उघडून पाहिजेत. ते काम माझं होतं. मिटल्या पापणीवर पांढरा रंग, त्यावर काळ्या शाईनं बुबुळ, केसाएवढ्या कुंचल्यानं. लोक म्हणायचे, नंदाबाईनं डोळे उघडले. जणू मी दाईच.

पहिला फोटो मी अंदाजानं केला. बाबा पाहून हसले होते, "नंदे, हा बुढा तर घुबडावाणी पाहून राहिला." म्हणाले, डोळा मनानं काढता येत नाही, समोर डोळा पाहिजे. ते स्वतः समोर बसले तर दहा मिनिटांत गिऱ्हाईक यायचं. मग तू शाळेतून यायचीस. मी तुला खिडकीपाशी स्टुलावर बसवायला लागले. आठ वर्षांची होतीस. हलू नको माय, एवढंच मी म्हणायची. तू हलायची नाहीस. माझ्या टेबलावर मी लिमलेटची गोळी ठेवायची, काम झालं की तुझी. तू त्या गोळीकडं बघत बसायचीस आणि मी तुझ्याकडं. दुसरं कोणाचं लेकरू इतका वेळ निमूट बसलं नसतं. मला त्याचा अभिमान होता. तुला काय होत असेल हे मी विचारलं नाही.

तू बारा वर्षांची असताना मुर्रीला मैत्रिणीकडं गेलीस, पार्वताबाईच्या नातीकडं. संध्याकाळी आलीस ती तापानं फणफणून. जेवली नाहीस. म्हणालीस, "आई, त्यांच्या आजोबाच्या फोटोत माझा तीळ आहे." तुझ्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात बुबुळाच्या खाली तीळ आहे, मोहरीएवढा. मी म्हटलं, वेडी आहेस. तू म्हणालीस, "तो बुढा माझ्या डोळ्यांनी पाहून राहिला." मी तुला थापड मारली. धंद्याची बदनामी होईल असं वाटलं, हे कारण मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की मी घाबरले होते. दुसऱ्या दिवशी फोटो आला आणि मी पुन्हा तुला स्टुलावर बसवलं. तू बसलीस. त्या दिवसापासून गोळी तशीच टेबलावर राहायची.

आणि बाबा गेले तेव्हाही. तू सोळाची. बाबांनी जिल्हाभराचे फोटो काढले, त्यांचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. बंटीच्या वडिलांनी येऊन खुर्चीवरचा काढून दिला. सहाव्या दिवशी मी रंग कालवला आणि तुला हाक मारली. तू आलीस, बसलीस, हलली नाहीस, बोलली नाहीस. आजही कोणी घरी आलं की म्हणतं, जागेश्वरभाऊ फोटोत रडल्यावाणी दिसतेत. मी सांगायची, उजेड तसा पडतो. उजेड नव्हता तो. समोर जे होतं तेच मी काढलं होतं. मग तू नागपूरला गेलीस आणि दिवाळीच्या दोन दिवसांपलीकडं कधी राहिली नाहीस, आणि त्या दोन दिवसांतही पुढच्या खोलीत झोपली नाहीस. मला वाटायचं, नागपूरचं वारं लागलं पोरीला.

दोन वर्षांपूर्वी पहिली बाई फोटो घेऊन आली. दवनीवाड्याची. पदराखाली फ्रेम लपवून आणली होती आणि आल्या आल्या दार लावून घेतलं. म्हणाली, "बाई, माहा सासरा डोळा मिटून राहिला." मी फ्रेम उघडली. डाव्या डोळ्याचा पांढरा रंग वरच्या कडेनं सुटत आला होता आणि खालची मूळ पापणी दिसायला लागली होती. अर्ध्यावर आली होती. उजवा डोळा उघडा होता. मी तिला समजावलं, ओल लागली असेल, रंग आहे, रंग सुटणारच. ती म्हणाली, "एकाच डोयाले काऊन ओल लागंन?" त्याचंही उत्तर माझ्याकडं होतं. उजवा डोळा मी आधी करायची, डावा नंतर. तोवर दिवस कलायचा, घाई व्हायची, डाव्याचा रंग पातळ लागायचा. तू जाणतेस, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. विहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचून मी शिकले आहे, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. तिला मी डोळा पुन्हा रंगवून दिला, आठवणीनं. महिन्यानं ती परत आली. पुन्हा अर्ध्यावर.

मग आणखी दोघे आले. मग मुर्रीहून एक. सगळ्यांचा डावा. एका दिवशी माझ्या टेबलावर तीन फ्रेमा एका रांगेत होत्या, एक म्हातारी, एक तरणा माणूस, एक पुजारी. तीन वेगळे चेहरे आणि डोळे एकच. प्रत्येकाच्या डाव्या डोळ्यात, पापणी जिथवर उतरली होती त्याच्या खाली, मोहरीएवढा तीळ. मी आठ वर्षं तो तीळ काढत होते आणि मला तो दिसला नव्हता. समोर आहे ते काढायचं, एवढंच मला शिकवलं होतं. खुर्ची ओढून मी बसले, त्या तिघांसमोर, आणि मला तुझा आवाज ऐकू आला, तापातला.

तेव्हाच मी काही करायला पाहिजे होतं. केलं नाही. फ्रेमा पिशवीत घालून परत दिल्या, म्हटलं रंग संपला. कॅमेरा घेतला तो गेल्या नोव्हेंबरात. का, तेही शेवटी.

काय करायचं ते मी ठरवलं होतं. प्रत्येक घरी जायचं. खरं सांगायचं, की हे डोळे तुमच्या माणसाचे नाहीत, माझ्या मुलीचे आहेत. आधी त्या डोळ्यांचा जवळून फोटो काढून घ्यायचा आणि मग ओल्या कापसानं माझा रंग पुसून टाकायचा. पंधरा घरं सापडली. फोटो काढून घ्यायचा कारण ते तुझे आठ वर्षांपासून सोळापर्यंतचे डोळे आहेत, मोनाली. फोटोवाल्याच्या घरी बाबांचा नव्हता तसा तुझाही फोटो नाही, शाळेच्या ओळखपत्राचा सोडला तर. तुझं सगळं लहानपण लोकांच्या भिंतींवर टांगलेलं आहे. ते मी तसंच कसं पुसून टाकू?

पहिल्या दिवशी मुर्रीत चार घरं केली. अंगणात सावलीत फ्रेम टेकवायची, काच काढून ठेवायची, नाहीतर तिच्यात माझाच चेहरा पडतो. समोर पाटावर कॅमेरा, हातभर अंतरावर. वरून मान खाली घालून पाहायचं. काचेत सगळं उलटं दिसतं, डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं, म्हणून तीळ दुसऱ्याच बाजूला गेला होता आणि बुरशीमुळं सगळं धुक्यात होतं. तरी डोळे बरोबर चौकटीच्या मधोमध धरले. प्रत्येक घरी तीन फोटो, बारा फोटोंचा एक रोल. घरी येऊन अंधारखोली पुसली, बाबांचे ट्रे काढले, रोल धुतला आणि दोरीवर टांगला.

रोलवर डोळे नव्हते. एकातही नाही. बाराच्या बारा तुकड्यांवर नुसती तोंडं होती. मिटलेली तोंडं, हनुवट्या, हाराचा वरचा काठ. मी कंदील वर धरून पुन्हा पाहिलं. लख्ख आली होती, ओठांवरच्या रेघा मोजता येत होत्या. आणि त्या चारही घरचे डोळे मी दुपारीच कापसानं पुसून आले होते. तोंडं तेवढी राहिली होती आणि ती काही सांगत नव्हती. कारण शोधायलासुद्धा मला सकाळ व्हावी लागली.

कारण होतं. बंटीनं सोबत इंग्रजीतलं पुस्तक दिलं होतं, ते मी शब्दकोश घेऊन ओळ ओळ लावलं. वरचं भिंग आणि खालचं भिंग यांत दोन इंचांचं अंतर असतं. लांबचं पाहताना ते जाणवत नाही. हातभर अंतरावर मात्र वरचा डोळा ज्याच्याकडं पाहतो त्याच्या दोन इंच खालचं खालचा डोळा उतरवून घेतो. मी डोळे पाहत होते, तो तोंडं घेत होता. बाबा कधी कोणाच्या इतक्या जवळ गेले नाहीत, म्हणून त्यांनी मला हे शिकवलं नव्हतं. उपाय साधा निघाला. डोळे चौकटीत धरायचे, मग कॅमेरा बरोबर दोन इंच वर उचलायचा, म्हणजे खालचं भिंग वरच्याच्या जागी येतं. घरात दोन इंच जाडीचं काय आहे म्हणून मोजत बसले तर तो शब्दकोशच निघाला. तेव्हापासून तो पिशवीत असतो. आधी पाहायचं, मग कॅमेऱ्याखाली शब्दकोश सरकवायचा, मग खटका. लोक समजतात हा काही पूजेचा ग्रंथ आहे. पार्वताबाईनं तर त्याला हात जोडले.

पहिली चार घरं गेली. त्यातले डोळे आता कुठंच नाहीत. हे तुला सांगायचं राहू नये म्हणून लिहिलं.

पार्वताबाईकडं मी शब्दकोश घेऊन गेले ते पाचवं घर. बकाराम बुढ्याचा तोच फोटो, जो तू पाहिला होतास. म्हातारीला आता नीट चालता येत नाही. फोटोखाली फळीवर एक ताटली आणि ताटलीत दोन बिस्किटं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "माहा बुढा जनमभर माह्याकडं असा पाह्यला नाही वं. मेल्यावर लेकरावाणी पाह्यते. भूक लागल्यावाणी. मंग मी रोज दोन बिस्कुटं ठेवतो. तेवढंच." टेबलावरच्या लिमलेटच्या गोळीकडं पाहणारे डोळे मी त्या बुढ्याला दिले होते, आणि ती म्हातारी बारा वर्षं त्यांची भूक भागवत होती. त्याचाही डावा डोळा अर्ध्यावर उतरला होता. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. फोटो काढला, मग कापूस ओला केला. पुसून झाल्यावर मी फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. बकाराम डोळे मिटून स्वस्थ बसला होता, खुर्चीवर, उशीला टेकून. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "झोपला. झोपू दे आता." मी आवराआवर करून उठले तशी तिनं माझा पदर धरला. "पण बाई, मंग थे लेकरू कुठी गेलं?"

मी म्हटलं, माझ्या पिशवीत आहे. दुसरं काय सांगणार होते?

सगळीकडं असं सोपं नाही गेलं. दवनीवाड्याचा बिसराम ऐकेना. त्याच्या बापाचा फोटो धानाच्या कोठीवर लावलेला. "डोळे मिटलेला बाप भिंतीवर टांगू? पाव्हणे काय म्हणतीन? तुमची पोरगी जिवंत हाय नं, मग तिले काय फरक पडते?" मी म्हटलं, तुमच्या बापाला डोळे पाहिजेतच तर तुमचे द्या, तुम्ही त्यांचंच रक्त आहात. तेवढ्यात आतून त्याची बायको म्हणाली, "देजा, देजा. तसेही तुमचे डोळे घरात कोनत्या कामाचे हायेत? समोरचा तांब्या दिसत नाही." तो चिडून बसला खरा स्टुलावर. पाच मिनिटांत कानामागं खाजवायला लागला, मग मान, मग पाय. "आनखी किती वेळ वं बाई? म्हैस बी धार काढताना इतकी उभी राहत नाही." मी म्हटलं, हलू नका. अर्ध्या तासानं त्याच्या डोळ्यात पाणी आलं, टक लावून लावून. म्हणाला, "लेकरू कसं बसत असंन वं?" मी कुंचला खाली ठेवला. त्या दिवशी काम पुरं झालं नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन करून आले. त्याच्या बापाला आता त्याचेच डोळे आहेत, बारीक आणि संशयी. बायको म्हणते, आता खरा सासरा दिसला.

परवा शेवटचं घर झालं. अकरा घरांची निगेटिव्हं माझ्यापुढं आहेत, खिडकीत उजेडासमोर लावली आहेत. निगेटिव्हात बुबुळं पांढरी दिसतात आणि तीळ पांढरा ठिपका. तुझ्या वयाच्या क्रमानं लावली तर एक गोष्ट दिसते. आठ वर्षांचे डोळे खाली, गोळीकडं पाहतात. नऊचे, दहाचेही. बारापासून ते वर होतात आणि सरळ माझ्याकडं पाहतात. मी ते हातानं काढले आणि तेव्हा मला कळलं नाही की तू माझ्याकडं पाहून राहिलीस.

आता ते शेवटचं, जे दोनदा टाळलं. दिवाळीनंतर तुझ्या खोलीतल्या रीनाचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नको, ती रडून राहिली होती. तिनं सांगितलं की दोन वर्षांपासून तुला डाव्या डोळ्यानं कडेचं दिसत नाही, तू रात्रीची गाडी चालवणं सोडलंस, सलाइनची सुई लावायला तिला हाक मारतेस. डॉक्टर काचबिंदू म्हणतात, एवढ्या कमी वयातही होतो म्हणतात. गेलेली नजर परत येत नाही पण राहिलेली राखता येते, ऑपरेशन लवकर करायला पाहिजे, आणि तू दोनदा तारीख पुढं ढकललीस. का ढकलतेस असं तिनं विचारलं तेव्हा तू हसलीस म्हणे, आणि म्हणालीस, "माझे डोळे आईनं लहानपणीच मेलेल्यांना वाटून टाकले. आता माझ्याकडं काय राहणार?" काचबिंदूबद्दल मी मिळेल ते वाचलं आहे. फोटोतला रंग ओलीनं सुटतो आणि डोळ्यामागची शीर दाबानं सुकते, या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. हे मी तुला लिहून देते आणि ते खरं आहे. तरी मी पंधरा घरं फिरले, कारण तू ते बोललीस. जे मी वाटलं ते मी परत आणलं आहे. चार घरचं माझ्या चुकीनं गेलं. आता एकच फोटो उरला, आपल्या पुढच्या खोलीतला. बाबांचा. सगळ्यांचा डावा डोळा मिटत आला होता, त्यांचा नाही. रंग काल लावल्यासारखा आहे, अजून ओला दिसतो. तो मी पुसणार नाही, तो तू पुसायचा, मी फ्रेम धरते. त्यांनाही झोपू दे. मग एकशे पस्तीसचं भिंग लावायचं. ते चेहऱ्यासाठी असतं, जिवंत माणसाच्या, थोडं लांब राहून काढायच्या. अजून एकदाही लावलेलं नाही. तुझा फोटो काढू, तिळासकट, तुझ्याच चेहऱ्यावर तुझे डोळे, आणि तो कोणाच्याच भिंतीवर जाणार नाही. रीना म्हणाली नवी तारीख एकवीसची आहे. त्याच्या आधीच्या शनिवारी ये. परत जाताना मी सोबत येईन, ऑपरेशनच्या दाराशी मी बसेन. स्टूल खिडकीपाशी ठेवलं आहे. या वेळी हललीस तरी चालेल.

तुझीच,
आई